रात्रीही चालू ठेवता येईल असा स्किमर: खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी शांत प्रोटीन स्किमर कसा निवडावा

ओळखीतल्या एकांनी मोठ्या हौसेनं बैठकीच्या खोलीत मरीन टँक मांडला. दोन-तीन महिन्यांत सगळं जमून आलं, पण स्किमरचा, म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा, आवाज काही सहन होईना. शेवटी त्यांनी स्किमरला टायमर लावला. रात्री अकराला बंद, सकाळी सातला चालू. पंधरा दिवसांनी त्यांचा काळजीनं फोन आला. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन कल्ले भराभर हलवत होते आणि दिवे लागून दोन तास झाले की आपोआप बरे होत होते. औषध कोणतं घालू, असं ते विचारत होते.

औषधाची गरजच नव्हती. दिवे बंद झाले की शैवाल आणि प्रवाळ यांच्याकडून प्राणवायू मिळणं थांबतं. श्वसन मात्र सगळ्यांचं चालू असतं: मासे, प्रवाळ, दगडांमधले जिवाणू. प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि दिवे लागण्याच्या जरा आधी हे सगळं तळाला पोचलेलं असतं. स्किमर फेस काढतो तेव्हा पाण्यात ताशी शेकडो लिटर हवाही घुसळत असतो. म्हणजे त्याची सगळ्यात जास्त गरज रात्री, आणि आवाजाचा त्रासही रात्रीच.

म्हणून स्किमर निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो: हा चोवीस तास चालू ठेवला तर घरातली माणसं झोपतील का? बाकीचं सगळं त्यानंतर. काहींना हा क्रम उलटा वाटेल. पण पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ आणि २०१०च्या सुमारास वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर प्रत्यक्ष मोजून पाहिले, तेव्हा पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्के भागच स्किमरनं निघतो असं दिसलं, आणि बनावट बदलल्यानं त्यात फार मोठा फरक पडला नाही. बऱ्या दर्जाचे दोन स्किमर कामात एकमेकांच्या जवळपास असतील, तर जो रात्रभर चालेल तोच जास्त काम करेल.

आधी खात्री करा: आवाज स्किमरचाच आहे ना?

जुना स्किमर बदलायचा विचार असेल तर खरेदीआधी एक रात्र द्या. घर शांत झालं की स्किमर दहा मिनिटं बंद करा आणि नुसतं ऐका. पुष्कळदा खळखळ तशीच राहते, कारण ती टँकमधून संपमध्ये, म्हणजे खालच्या कॅबिनेटमधल्या दुसऱ्या टाकीत, पाणी उतरवणाऱ्या पाइपची असते. पाण्याबरोबर हवा ओढली गेली की तो पाइप गुळण्या केल्यासारखा वाजतो. तो दोष नवा स्किमर आणून जाणार नाही.

आवाज स्किमरचाच निघाला तर तो कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. एक कोरडा लाकडी दांडा घ्या, एक टोक कॅबिनेटच्या फळीला लावा, दुसरं कानाला. मग संपच्या काचेला, मग स्किमरच्या झाकणाला. पाण्यात किंवा तारेजवळ दांडा घालू नका. पाच मिनिटांत चार वेगळे आवाज सुटे सुटे कळतात:

- सलग, खालच्या पट्टीतली गुणगुण, जी हवेपेक्षा फळीतून जास्त जाणवते. ही पंपाची कंपनं.
- फसफस किंवा बारीक शिट्टी. ही हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी.
- खडखड, टिकटिक, मध्येच थांबून पुन्हा. ही इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या फिरणाऱ्या चक्राची.
- पाणी पडल्याचा आवाज. हा स्किमरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचा.

यातले शेवटचे दोन बहुतेक वेळा साफसफाईनं आणि बसवणीनं जातात. पहिले दोन मात्र यंत्राच्या घडणीतच असतात, त्यामुळे निवड करताना खरं लक्ष तिथे द्यायचं.

पाणी किती आणि भार किती, हे मोजा

गरजेपेक्षा मोठा स्किमर म्हणजे जास्त हवा, जास्त घुसळण आणि अर्थातच जास्त आवाज. म्हणून आकडेमोड आधी. टँकची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १०००नं भागा, म्हणजे लिटर मिळतील. १२० बाय ५० बाय ५० सेंटिमीटरचा टँक ३०० लिटरचा. पण तो काठोकाठ भरलेला नसतो, आत दगड आणि वाळू असते. साधारण १५ टक्के वजा केले की २५५ लिटर राहतात. संपमध्ये चालू स्थितीत ६० लिटर पाणी असेल तर एकूण ३१५ लिटर. स्किमर या ३१५ लिटरसाठी घ्यायचा.

भार म्हणजे मासे आणि त्यांचं खाणं यांमुळे पाण्यात होणारी घाण. खोक्यावर बहुधा दोन-तीन क्षमता लिहिलेल्या असतात: हलक्या भारासाठी, मध्यम भारासाठी, जड भारासाठी. पहिला आकडा मोठा असतो, जाहिरातीत तोच ठळक दिसतो. तुम्ही जड भाराचा आकडा पाहा आणि तो तुमच्या पाण्याच्या आसपास किंवा थोडा वर असू द्या. मासे बरेच असतील, दिवसातून तीन वेळा खाणं पडत असेल, तर दीडपटीपर्यंत जायला हरकत नाही. दोन-चार मासे आणि बाकी प्रवाळ असतील तर तेवढंही नको.

‘दुप्पट क्षमतेचा घ्या, कधी कमी पडणार नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. फेस टिकतो तो पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांमुळे. त्यांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं, म्हणून ते बुडबुड्याच्या कातडीवर येऊन चिकटतात आणि फेसाला बळ देतात. स्किमरची मान, म्हणजे फेस वर चढतो ती अरुंद नळी, जितकी रुंद तितके जास्त पदार्थ तिला भरून काढायला लागतात. हलक्या भाराच्या टँकवर मोठा स्किमर लावला की फेस मानेच्या मध्यावर येऊन फुटतो, पुन्हा चढतो, पुन्हा फुटतो. वरचा, फेस साठायचा कप कोरडाच राहतो. मग माणूस हवा आणि पाणी वाढवत जातो, आणि शांततेची आशा तिथेच संपते.

याला एक अपवाद आहे, आणि तो फार उपयोगाचा आहे. वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप असलेला, गरजेपेक्षा एक माप मोठा स्किमर ६०-७० टक्के वेगावर चालवला तर तो पूर्ण ताकदीनं पळणाऱ्या लहान स्किमरपेक्षा बराच शांत असतो. मोठा पंखा हळू फिरवला की वारा येतो पण आवाज येत नाही, तसंच. मात्र एकच माप मोठा. तीन मापं मोठा घेऊन ३० टक्क्यांवर चालवला तर फेस मानेपर्यंत पोचतच नाही.

जागा मोजा, आणि उंची दोनदा मोजा

इथे मी स्वतः फसलो आहे. संपच्या कप्प्याची लांबी-रुंदी मोजली, स्किमरचा तळ त्यात नीट बसला, कॅबिनेटची उंचीही पुरली. पण कप काढायला तो वर उचलावा लागतो, हे ध्यानात आलं नाही. वरच्या फळीला तो दोन सेंटिमीटरनं अडत होता. दर वेळी कप धुवायला अख्खा स्किमर तिरका करावा लागे, त्यात रबरी पाय सरकत, पंप काचेला टेकत असे आणि सगळं कॅबिनेट घुमायला लागे. तेव्हापासून मी स्किमरच्या एकूण उंचीत कपाची उंची आणखी एकदा मिळवतो. तेवढी जागा वर मोकळी नसेल तर तो स्किमर माझ्यासाठी नाही.

पाण्याची खोली हेही तितकंच महत्त्वाचं माप. संपमध्ये बसणारे बहुतेक स्किमर साधारण १८ ते २३ सेंटिमीटर खोल पाण्यासाठी बनवलेले असतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. पाणी उथळ असेल तर पंपाला हवा जास्त ओढली जाते आणि बाहेर येणारं पाणी उंचावरून पडतं. खोल असेल तर फेस ओला होतो आणि कप भसाभस भरतो. खोल कप्प्यात स्किमरखाली मजबूत, सपाट, छिद्रं असलेला चौरंग ठेवून उंची साधता येते. उथळ कप्प्याला सोपा उपाय नसतो, संपच्या कप्प्यांमधली काच उंच करावी लागते.

बाजूनं बोटभर मोकळी जागा हवीच. स्किमर किंवा त्याची नळी कुठेही काचेला, पाइपला, फळीला टेकली की ती जागा वाजते.

पंप: आवाजाचं मूळ इथे आहे

आजचे बहुतेक घरगुती स्किमर नीडलव्हील पद्धतीचे असतात. पंपाच्या चक्राला पात्यांऐवजी बारीक काड्या किंवा जाळी असते, ती आत आलेल्या हवेचा चुरा करते आणि दुधासारखं पांढरं पाणी तयार होतं. खाऱ्या पाण्यातले क्षार बुडबुड्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत, म्हणून ते बारीकच राहतात. गोड्या पाण्यात हे तसं होत नाही, त्यामुळे दुकानात गोड्या पाण्यात चालवून दाखवलेल्या स्किमरवरून कसलाच अंदाज बांधू नका, आवाजाचाही नाही.

शांतता हवी असेल तर नीडलव्हीलवरच राहा. मोठ्या दाबाच्या पंपानं पाण्याचा झोत खाली मारणारे डाउनड्राफ्ट आणि बेकेट प्रकारचे स्किमर ताकदवान असतात, पण ते वेगळ्या खोलीत शोभतात. अगदी लहान टँकसाठी हवेच्या पंपावर आणि लाकडी एअरस्टोनवर, म्हणजे हवेचे बुडबुडे करणाऱ्या सच्छिद्र ठोकळ्यावर, चालणारे साधे स्किमर अजूनही मिळतात. त्यांचा फायदा असा की आवाज करणारा भाग, म्हणजे हवेचा पंप, लांब नेऊन ठेवता येतो. पण एअरस्टोन काही आठवड्यांत बुजतो, पंपावरचा ताण वाढतो आणि गुणगुणही वाढते. एअरस्टोन वेळेवर बदलायची तयारी असेल तरच घ्या.

आता एसी की डीसी. एसी पंप थेट विजेच्या वारंवारतेवर फिरतो. ५० हर्ट्झच्या विजेवर त्याची चुंबकीय गुणगुण १०० हर्ट्झला उमटते, ६० हर्ट्झवर १२०ला. हा खर्जातला सूर लाकूड आणि जमीन सहज पुढे नेतात, म्हणून तो कधी कधी कॅबिनेटजवळ कमी आणि पलीकडच्या खोलीत जास्त वाटतो. शिवाय अनेक एसी पंप सुरू होताना कोणत्याही दिशेनं फिरू पाहतात. वीज येते तेव्हा ते दोन-तीनदा खडखडतात आणि मग लागतात.

डीसी पंप हळू सुरू होतो, वेग बदलता येतो, वीजही साधारणपणे कमी घेतो. शांततेच्या बाबतीत माझं झुकतं माप डीसीला आहे. पण घेताना तीन गोष्टी विचारा. वीज जाऊन आली तर तो आपोआप, आधीच्याच वेगावर सुरू होतो का? कंट्रोलर आणि अ‍ॅडॉप्टर सुटे मिळतात का? आणि अ‍ॅडॉप्टर स्वतः बारीक आवाजात किणकिणतो का? हा शेवटचा दोष कुणी सांगत नाही. रात्री मात्र तो कानात सुईसारखा टोचतो, आणि अ‍ॅडॉप्टर कॅबिनेटच्या बाहेर असेल तर जास्तच.

एसी पंप सरसकट नाकारू नका. चांगल्या घडणीचा, चक्र फिरतं ती दांडी सिरॅमिकची आणि तिला धरणाऱ्या कड्या, म्हणजे बुश, रबरी असलेला एसी पंप पाण्यात पूर्ण बुडालेला असेल तर त्याचा आवाज जेमतेम येतो, आणि त्यात बिघडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काहीच नसतं. जिथे वीज वारंवार खाली-वर होते तिथे हा साधेपणा मोलाचा ठरतो.

पंप कुठे आहे हेही बघा. स्किमरच्या पोटातच, पाण्याखाली बसवलेला पंप सगळ्यात शांत, कारण भोवतालचं पाणी आवाज हवेत येऊ देत नाही. पंप शेजारी पण पाण्यातच असेल तरी ठीक. कोरड्यात, संपबाहेर बसणाऱ्या स्किमरचा आवाज अडवायला काही नसतं.

टँकच्या काठाला लटकणाऱ्या स्किमरबद्दल वेगळं सांगावं लागेल. संप नसेल तर बऱ्याच जणांना तोच घ्यावा लागतो. पण त्याच्याभोवती कॅबिनेट नसतं, पंपाची थरथर सरळ टँकच्या काचेत जाते आणि परतणारं पाणी धबधब्यासारखं पडतं. असा घ्यायचाच तर काचेला टेकणाऱ्या जागी जाड रबर असलेला आणि परतीचं तोंड पाण्याखाली जाणारा निवडा. त्याहून बरं म्हणजे लहान टँकसाठी आतल्या आत, कोपऱ्यात बुडून बसणारा स्किमर. दिसायला थोडा आड येतो, पण कानाला सुख देतो.

हवेचं तोंड

पंप कितीही शांत असला तरी हवा ओढताना होणारी फसफस वेगळीच उरते. व्हेंचुरीच्या, म्हणजे पंपाच्या ओढीनं हवा खेचणाऱ्या तोंडाच्या, अरुंद जागेतून हवा वेगानं आत शिरते, आणि वेग जितका जास्त तितका आवाज जास्त. म्हणून खरेदी करताना हवेच्या नळीचा व्यास बघा. रुंद नळीतून तेवढीच हवा हळू जाते आणि गप्प जाते.

सायलेन्सर म्हणजे नळीच्या टोकाला लावलेली एक लहानशी पोकळ डबी, कधी आत सच्छिद्र स्पंज असतो. चांगल्या स्किमरबरोबर ती येतेच. ती काढता-धुता येते का, आणि नळी लांब करून तिचं तोंड हवं तिथे नेता येतं का, हे तपासा. चिकटवून बंद केलेला सायलेन्सर मला नको वाटतो, कारण आत मिठाचे थर साठले की तो फेकावाच लागतो. काही लोक आवाज दाबायला नळीच्या तोंडात कापूस कोंबतात. त्यानं हवा अडते आणि फेस मरतो. हवा कमी करायला नळीला चिमटा लावला तरी तेच. त्या चिमट्याच्या फटीत हवा शिट्टी घालायला लागते. हवेवर नियंत्रण हवं असेल तर स्किमरचाच नॉब वापरा, किंवा पंपाचा वेग उतरवा.

नळीचं तोंड खिडकीबाहेर काढायची सोय असेल तर आवर्जून काढा. फसफस घराबाहेर जाते, आणि बंद घरात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडऐवजी ताजी हवा पाण्यात मिसळते, त्यामुळे उतरलेला पीएचही बऱ्याचदा सुधारतो. नळी लांब झाली की ओढ कमी होते, म्हणून लांबच्या भागासाठी एक माप रुंद नळी घ्या. बाहेरच्या टोकाला किडे आणि पाऊस शिरणार नाही अशी जाळी लावून तोंड खाली वळवा. खिडकीजवळ कीटकनाशक फवारलं जात असेल किंवा रंगकाम चालू असेल तेव्हा ही नळी आत घ्यायला विसरू नका. ती वाफ थेट टँकमध्ये जाते.

डेसिबलचा आकडा कसा वाचावा

खोक्यावर डेसिबल लिहिलेलं असेल तर ते किती अंतरावरून मोजलं, आणि कॅबिनेट उघडं होतं की बंद, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पातळी ६ डेसिबलनं उतरते, म्हणजे मापणी थोडी लांबून केली की कोणताही स्किमर शांत दिसतो.

डेसिबलचं माप साध्या बेरजेनं चालत नाही. सारख्या आवाजाची दोन यंत्रं शेजारी ठेवली तर पातळी ३ डेसिबलनंच वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. झोपण्याच्या खोलीत सलग येणारा आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. टँक झोपण्याच्या खोलीत असेल तर हा आकडा डोळ्यांपुढे ठेवा.

यात एक मेख आहे. बहुतेक मापणी ‘ए’ भारांकनानं होते. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो असं धरून त्यात खालचे सूर कमी मोजले जातात, आणि १०० हर्ट्झच्या सुराचे तर सुमारे १९ डेसिबल वजा होतात. एसी पंपाची गुणगुण नेमकी तिथेच असते. त्यामुळे कागदावर सारखाच आकडा असलेल्या दोन स्किमरपैकी एक रात्री फळीतून घुमतो आणि दुसरा नाही, असं होऊ शकतं. फोनवरच्या अ‍ॅपनं मिळणारा आकडा खरा मानू नका, त्याच जागी त्याच अंतरावर आधी आणि नंतर तुलना करायला मात्र तो चालतो.

आकड्यापेक्षा कान आणि हात जास्त विश्वासाचे. तो स्किमर वापरणारा कुणी ओळखीत असेल तर त्याच्याकडे जा, सहा महिने वापरलेला असेल तर उत्तम. कॅबिनेटचं दार बंद करून एक मीटरवर बसा आणि गप्पा न मारता दोन मिनिटं ऐका. मग कॅबिनेटवर तळहात ठेवा. हाताला झिणझिण्या जाणवल्या तर तो आवाज तुमच्या जमिनीतही उतरणार.

सुटे भाग, आणि जुना घ्यायचा असेल तर

इम्पेलर, दांडी, बुश, ओ-रिंग, सायलेन्सर. हे पाच भाग सुटे मिळत नसतील तर कितीही शांत स्किमर घेऊ नका. दोन वर्षांनी बुश झिजतील, तेव्हा तो खडखडणारच. मी नवा स्किमर घेतानाच एक इम्पेलर जादा घेऊन ठेवतो.

जुना घेताना पंप उघडून बघा. दांडी काढून सपाट काचेवर गडगडवा, वाकडी असेल तर लगेच कळतं. चुंबक फुगलेला किंवा तडकलेला असेल तर सोडून द्या, तो पंपाच्या आत घासतो.

बसवताना

शांत स्किमर चुकीचा बसवला तर गोंगाट करतो, आणि साधा स्किमर नीट बसवला तर बराच सुधारतो. हात पाण्यात घालण्याआधी वीज बंद करा, आणि प्रत्येक तार प्लगच्या खाली झोका घेऊन वर जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये जाणार नाही.

स्किमरखाली सिलिकॉनची मऊ, एक सेंटिमीटरच्या आसपास जाडीची पट्टी घाला. फार मऊ, दबून कागद होणारी नको, त्यात थरथर जिरत नाही. आधीच रबरी पाय असतील तर पट्टी पायांपुरतीच ठेवा. संपखालीही दाट फोमचा थर असेल तर कंपनांना दुसरा अडसर मिळतो. मग स्किमर चालू करून त्याला बोटानं हळूच एकेका बाजूला ढकलून पाहा. एखाद्या जागी आवाज एकदम विरतो. ती जागा.

बाहेर येणाऱ्या पाण्याचं तोंड पाण्याखाली बुडेल असं करा. कोपरा-पाइप फिरवता येत असेल तर तेवढ्यानं काम होतं. त्यातून बारीक बुडबुडे संपमध्ये पसरतील, ते टँकपर्यंत जाऊ नयेत म्हणून मध्ये काचेचे अडथळे किंवा खरखरीत स्पंज हवा. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी धुवा.

पाण्याची पातळी स्थिर ठेवा. बाष्पीभवनानं ती बोटभर जरी उतरली तरी स्किमरचा सूर बदलतो. मधल्या काचेमुळे पातळी कायम राहणाऱ्या कप्प्यात स्किमर ठेवणं सगळ्यात चांगलं. तसा कप्पा नसेल तर उडालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा लावा. वीज गेल्यावर स्किमरच्या पोटातलं पाणी संपमध्ये उतरतं, त्याला जागा राखून ठेवा.

कॅबिनेटला आतून फोम लावायचा मोह होतो. दारावर आणि बाजूंना लावा, पण मागची हवा खेळती राहू द्या. घट्ट बंद कॅबिनेटमध्ये उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि नळी तिथेच उघडी असेल तर स्किमर तीच हवा पुन्हा पुन्हा पाण्यात घुसळतो.

पहिले पंधरा दिवस घाई नको

नव्या प्लास्टिकवर कारखान्यातला तेलकट अंश असतो. तो जाईपर्यंत स्किमर कधी काहीच फेस काढत नाही, तर कधी मध्यरात्री कप ओसंडून वाहतो. तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत असं चालतं. या काळात पातळी खाली ठेवा, म्हणजे बुडबुड्यांची रेघ मानेच्या तळाशी राहील. रोज थोडी थोडी वर चढवा, आणि एक बदल केल्यावर निदान काही तास थांबा. आवाजाचा निकालही याच काळात लावू नका. मानेत फेस नीट धरला की हवा आणि पाणी एका लयीत येतात आणि स्किमर निवळतो.

हाताला साबण किंवा मलम असताना पाण्यात हात घालू नका. काही औषधं, पाणी शुद्ध करणारी द्रावणं आणि प्रवाळ चिकटवायची पुटी यांनीही फेस एकाएकी उसळतो. उलट, तेलकट खाणं घातलं की फेस काही तास बसतो. तो आपोआप परत येतो, नॉबला हात लावायची गरज नसते.

नंतर आवाज वाढला तर

शांत असलेला स्किमर महिन्या-दोन महिन्यांनी फसफसायला लागला तर प्रथम हवेची नळी. व्हेंचुरीच्या तोंडाशी मिठाचा पांढरा खडा धरतो, हवेची वाट अरुंद होते आणि ती शिट्टी घालते. पंप चालू ठेवून नळीतून अर्धा पेला कोमट शुद्ध पाणी ओढू द्या. खडा विरघळतो, आणि मिनिटभरात पांढऱ्या बुडबुड्यांचा लोट पुन्हा दाट झालेला दिसतो. मी हे आठवड्यातून एकदा करतो.

खडखड असेल तर इम्पेलर. पंप उघडा. कधी काड्यांत वाळूचा कण किंवा तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय अडकलेली सापडते. बहुतेक वेळा मात्र चुंबकावर आणि दांडीवर चुन्याचा खरखरीत थर असतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात इम्पेलर टाका. लगेच त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे उठतात, थर सुटायला लागतो. अर्ध्या-एक तासानं मऊ ब्रशनं घासा, काड्या वाकवू नका, आणि साध्या पाण्यात दोनदा धुवून बसवा. दर तीन महिन्यांनी हे केलं तर बुशही जास्त टिकतात.

साफ करूनही टिकटिक राहिली तर इम्पेलर दोन बोटांत धरून दांडीवर डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बुश झिजलेत. ते बदला, आणि दांडीवर खाच पडली असेल तर दांडीही त्याच वेळी. जुन्या दांडीवर नवे बुश घातले तर काही आठवड्यांत तीच टिकटिक परत येते, आणि बहुधा रात्रीच ऐकू येते.